पितालितोहून पत्र

पितालितो, कोलंबिया

ती. अण्णा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

रॉटरडॅमला आम्ही जिथे कॉफी भाजतो त्या रोस्टरीत बहुतेक कॉफी दक्षिण कोलंबियातल्या या उईला भागातून येते. यंदा तोडणीच्या वेळी मालकीणबाईंनी मलाही सोबत आणलं. अण्णा, आल्यापासून सारखं वाटतंय, तुम्ही इथे हवे होतात.

बागा दोन-तीन हेक्टरच्या, उभ्या उतारावर, मधूनमधून केळी लावलेल्या. यंत्र चालण्याचा प्रश्नच नाही. त्यात एकाच फांदीवर हिरवं, पिवळं आणि लाल फळ. कमरेला टोपली बांधून फक्त लाल तेवढं तोडायचं आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच झाडाशी यायचं. कच्चं फळ मिसळलं की दाणा भाजल्यावरही फिकट राहतो, चव बिघडते. रॉटरडॅमला भट्टीसमोर मी अशा दाण्यांवर वैतागते. इथे मजुरी किलोवर मिळते. पिकलेलंच निवडून तोडा म्हणायचं, तर किलोमागे जास्त द्यायलाच हवं.

आई, साल काढलेले चिकट दाणे रात्रभर हौदात आंबवतात. किती वेळ ते घड्याळावर नाही, थंडी असली की जास्त लागतो. पहाटे घरातल्या आजींनी हौदात हात घालून मूठभर दाणे चोळले. बुळबुळीत लागले, थांबल्या. पुन्हा चोळले तेव्हा खरखर ऐकू आली, आणि लगेच धुवायला घेतले. उशीर झाला की आंबूस वास धरतो. मग भट्टीवर कितीही कसब लावा, तो जात नाही. त्यानंतर सरकत्या छपराखाली वाळवण, दहा-बारा टक्के ओल राहीपर्यंत.

आता भावाचं. तो न्यूयॉर्कच्या वायदेबाजारावर आणि डॉलरच्या दरावर हलतो. कॉफी उत्पादकांचा महासंघ १९२७ पासूनचा. तो रोज भाव जाहीर करतो आणि सहकारी संस्था माल घेतातच, परत पाठवत नाहीत. लिलाव बंद म्हणून कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन तुम्ही माघारी यायचात, ते आठवलं. काट्यावर २५० ग्रॅम नमुना सोलून किडके-काळे दाणे वेगळे काढतात. ७० किलोचं निर्यातीचं पोतं भरायला टरफलासकट वाळलेला माल ९४ किलो लागतो असं धरलंय. नमुन्यावरून त्याहून कमी लागेल असं दिसलं तर भाव चढतो, जास्त लागेल असं दिसलं तर उतरतो.

पण हमी खरेदीची आहे, भावाची नाही. २०१९ मध्ये कॉफी पौंडाला एक डॉलरच्या खाली होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये चारच्या वर. मालकीणबाई तोडणीआधीच भाव ठरवून द्यायच्या. बाजार चढला तेव्हा तो ठरलेला भावच शेतकऱ्याला नुकसानीचा झाला. आता करार बदलायचा आहे: बाजार पडला तरी खर्चाच्या वर ठरावीक रक्कम, चढला तर बाजारभावाच्याही वर काही. तो खर्च मांडायचं काम माझ्याकडे आलंय. इथल्या हिशेबात खत आणि मजूर येतात. पहाटे हौदाशी बसलेल्या आजींचे कष्ट कुठेच धरलेले नाहीत.

तुम्ही वहीत कांद्याचा एकरी खर्च मांडता, त्यात तुमची आणि आईची मजुरी कशी धरता? दादाला सांगून त्या पानाचा फोटो पाठवा, शनिवारच्या आत मिळाला तर बरं. आईच्या गुडघ्याचंही कळवा.

तुमची,
धाकटी