फोनला सकाळची सुट्टी

बर्लिन, ३० ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उठल्या-उठल्या फोन हातात येऊ नये म्हणून काय करावं, असं विचारलंस. नुसता निश्चय चार दिवस टिकतो, कारण सकाळची खरी कामं आपणच फोनवर सोपवलेली असतात: गजर, तिथी-वार, दूधवाल्याचे पैसे, शाळेचा ग्रुप. ती एकेक करून त्याच्याकडून काढून घे.

आधी गजर. इथून घड्याळ पाठव म्हणालास, पण त्याचा उपयोग नाही. इथली बरीच घड्याळं फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून ७७.५ किलोहर्ट्झवर येणाऱ्या रेडिओ संदेशावरून वेळ लावून घेतात. रविवारी इथली वेळ तासभर मागे गेली, तीही त्यांनी आपोआप लावली. हा संदेश साधारण २००० किलोमीटरपर्यंत पोचतो. पुण्यात त्या घड्याळाला काही ऐकूच येणार नाही.

तिथलंच साधं, एका पेन्सिल सेलवर चालणारं काट्यांचं गजराचं घड्याळ घे. दुकानातच कानाला लावून बघ, टिकटिक मोठी असेल तर वहिनी दुसऱ्या रात्री ते बाहेर ठेवतील. या घड्याळाला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. पाचचा गजर लावून दुपारी चारला बटण चालू केलंस, तर ते संध्याकाळी पाचला वाजेल. म्हणून बटण झोपतानाच चालू करायचं. गजराचा काटा मागे दाखवलेल्या बाणाच्या दिशेनेच फिरव, उलटा फिरवला तर आतली चाकं बिघडू शकतात. पाच-दहा मिनिटांचा फरक पडतो, तेव्हा पहिल्या दिवशी सुट्टीच्या दुपारी वाजवून बघ. सेल उतरला की काटे चालत राहतात, पण आवाज बसतो. वर्षाला सेल बदलावा. आणि घड्याळ पलंगापासून चार पावलं लांब ठेव. उशाशी असलं की झोपेतच हात जाऊन ते बंद होतं.

आता फोन. चार्जर झोपायच्या खोलीतून काढून बाहेरच्या खोलीत लाव, जादाचा चार्जरसुद्धा. एक जरी आत राहिला तरी आठवड्यात फोन परत उशाशी येतो. स्वयंपाकघरातही नको, चहाला उकळी येईपर्यंतची पाच मिनिटं सगळ्यात धोक्याची.

आईबाबा गावी, रात्री-अपरात्री फोन आला तर, ही तुझी काळजी बरोबर आहे. फोनमधल्या 'डू नॉट डिस्टर्ब'ला (फोन गप्प ठेवणारी सोय) रात्री १० ते सकाळी ८ अशी वेळ लाव. त्यात तारांकित, म्हणजे स्टार लावून ठेवलेल्या, नंबरांना परवानगी दे आणि 'रिपीट कॉलर्स' चालू ठेव. मग अँड्रॉइडवर त्याच नंबरावरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजतो. आयफोनवर ही मुदत ३ मिनिटांची आहे. आवाज मात्र पूर्ण वर हवा, नाहीतर बाहेरच्या खोलीतली रिंग आत येणार नाही. आईला सांगून ठेव: तातडीचं असेल तर साधा फोन, लागोपाठ दोनदा. व्हॉट्सॲप कॉलवर विसंबू नये.

दुधाचे पैसे महिन्याच्या महिन्याला पाकिटात घालून दे. तिथी आणि सूर्योदय भिंतीवरच्या कालनिर्णयात आहेतच. शाळेचा ग्रुप रात्री साडेनऊला बघायचा आणि सकाळी साडेसातला एकदाच, घरातल्या एकानेच, तोही उभ्याने. बसून बघितलं की वीस मिनिटं गेलीच म्हणून समज.

एवढं करूनही हात जातोच, कारण मध्येच वीजबिल आठवतं, कुणाला तरी उत्तर द्यायचं राहिलेलं असतं. त्यासाठी चहाच्या डब्याजवळ पाठकोरे कागद आणि दोऱ्याला बांधलेलं पेन ठेव (न बांधलेलं पेन घरात टिकत नाही). आठवलं की लिहायचं, आठनंतर एकदम उरकायचं. मला विचारशील तर सगळ्यात जास्त उपयोग या कागदाचाच होतो.

सकाळी गॅलरीचं दार उघडून दहा मिनिटं उजेडात बस. डिसेंबरात इथे सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो, त्यामुळे काही लोकांना १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिवा लावून बसावं लागतं. तुला ते फुकट आहे.

आता आपल्यात साडेचार तासांचं अंतर आहे. तुझं सहाचं 'सुप्रभात' इथे रात्री दीडला येतं. ते सकाळी साडेअकराला पाठव, इथे तेव्हा सात वाजलेले असतील.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
धाकटा