कुकर चढला की दप्तर

ठाणे,
रविवार दुपार

प्रिय मंजू,

परवा फोनवर तू रडवेली झालीस आणि मला हसू आलं, त्याबद्दल आधी माफ कर. रोज रात्री नऊला बंड्याच्या गृहपाठावरून घरात रणकंदन होतं म्हणालीस. अगं, पहिल्या तासाची घंटा व्हायच्या आत माझी वही उतरवून काढणारी तूच ना? पोराने कुणाचे गुण उचलले म्हणायचे?

आमच्याकडेही काही वेगळं नव्हतं. श्रावीच्या तिसरीतल्या 'पाण्याचे स्रोत' या तक्त्याने तर कळस केला. रात्री दहाला बाईसाहेबांना आठवलं, तक्ता उद्याच द्यायचाय. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याचं शटर निम्मं खाली आलेलं, त्याखालून वाकून कार्डशीट आणलं. ती पेंगत होती, म्हणून विहीर, नदी, ढग सगळं मीच काढलं, नावंही मीच घातली. दोन दिवसांनी बाईंचा शेरा आला, 'आईचे अक्षर सुंदर आहे.' तो तक्ता अजून कपाटामागे आहे.

तेव्हा मला आजीचा परवचा आठवला. दिवेलागण झाली की हातपाय धुऊन शुभंकरोती, मग पाढे, वर पावकी-निमकी. 'आज म्हणायचं का?' हा प्रश्नच नसायचा. आजी समोर वाती वळत बसायची. शिकवायची काही नाही, चुकलं की नुसती मान वर करायची. वीस मिनिटांत सुटका. मेख तिथेच आहे बघ. मुलांना अभ्यासापेक्षा अभ्यासाला बसण्याचा कंटाळा असतो, आणि आपण रोज त्या बसण्यावरूनच नव्याने घासाघीस करतो.

आता दिवेलागणीची जागा कुकरने घेतलीय. खेळून आली की साडेसहाला कुकर चढतो आणि दप्तर उघडतं. डायरीत काय काय आहे ते तिनेच मोठ्याने वाचायचं, आधी काय करायचं तेही तिनेच ठरवायचं. शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत उठायचं नाही. अर्धा तास होतो साधारण. मी समोर गवार मोडत बसते. तेवढा वेळ माझा फोन फ्रिजवर, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यांत जड मला तेच गेलं.

गेल्या मंगळवारी भागाकार अडला. ९१ भागिले ७. सात एके सात, उरले दोन, आणि पुढचा एक खाली उतरवायचाच राहिला. खोडून खोडून कागद पार विरला. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, पण गिळलं. 'मोठ्याने म्हणून दाखव' एवढंच म्हटलं. म्हणता म्हणता तीच थांबली, 'अगं आई, हा एक राहिलाच की!' मी गवारीत तोंड खुपसलं, नाहीतर शाबासकीचा पूर आला असता. बक्षिसाचाही प्रयोग मी करून बसलेय, तू नको करूस. पंधरा दिवसांत भागाकाराला दोन चॉकलेटं असा दर निघाला होता.

पाठांतराचं मात्र वेगळं. तू रविवारी बंड्याला बसवून सतराचा पाढा घोकून घेतेस ना, तो बुधवारपर्यंत उडणारच. एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली लिहून ठेवलंय, की एका बैठकीत रेटण्यापेक्षा तीच घोकंपट्टी दिवसांवर वाटली तर जास्त टिकते. आमच्या आजीला जर्मन येत नव्हतं. तेव्हा रोज पाच मिनिटं, पोळ्या लाटताना म्हणून घे, झालं.

आणि बंड्या चौथीत असून रोज दोन तास बसतो, हे मला खटकलं. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको म्हटलंय, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला हं, रोज नव्हे! आठवडाभर घड्याळ लावून बघ, खरं लिहिण्यात किती जातो आणि पेन्सिलीला टोक करण्यात किती. खरंच जास्त असेल तर डायरीत सरळ लिही. मी एकदा लिहिलं होतं, 'पाऊण तास बसली, एवढंच झालं', खाली सही. बाई काही बोलल्या नाहीत, उलट पुढच्या आठवड्यात उदाहरणं निम्म्यावर आली.

हे सगळं रोज सुरळीत चालतं असं समजू नकोस. गणपतीत दहा दिवस दप्तराला हात लागला नाही. सामना असला की आमचे हे 'बस पाचच मिनिटं' म्हणत तिला टीव्हीसमोर बसवतात, मग कुकर बिचारा थंड होऊन जातो.

दिवाळीत येताना चकलीचा सोऱ्या आण, माझ्याकडची जाळी मोडलीय. बंड्याची सुटीच्या अभ्यासाची वहीही आण हवी तर. श्रावीची दरवर्षी शाळा उघडायच्या आदल्या रात्रीच भरते, तिथे माझा कुकर चालत नाही.

तुझी,
सुमी