दिवाळीऐवजी वेळअमावास्येला

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर दोनदा सांगायला घेतले आणि दोन्ही वेळा सोयाबीनच्या भावावर बोलून फोन ठेवला, म्हणून लिहिते आहे. या दिवाळीला मी येणार नाही. तिकीट रद्द केले आहे.

सुट्टी मिळाली होती, हे खोटे न बोलता सांगते. मेलबर्नच्या डँडेनाँग भागात स्थलांतरितांसाठी आणि निर्वासितांसाठी वस्तीतलेच लोक शनिवारी इंग्रजीचा वर्ग चालवतात. तिथे नवशिक्यांना शिकवणाऱ्या बाईंनी प्रकृतीमुळे काम सोडले आणि ते मी अंगावर घेतले. इथले शेवटचे शालेय सत्र ऑक्टोबर ते डिसेंबर असते, आणि मध्येच मी तीन आठवडे गेले तर जेमतेम जमलेला वर्ग मोडेल. इथे सरकारी वर्गही आहेत, आपला मराठवाडा मुक्त झाला त्याच १९४८ पासून. परंतु ज्यांच्या कामाची पाळी दर आठवड्याला बदलते, त्यांना ते जमत नाहीत. पगार मिळत नाही; बाबा विचारतीलच.

बहुतेक बायका अफगाणिस्तानातल्या हजारा समाजातल्या आहेत. डॉक्टरांची वेळ फोनवर कशी मागावी, औषधाच्या बाटलीवरचे कसे वाचावे, एवढेच शिकवते. त्यांच्या दरी भाषेत कागद, तारीख, दरवाजा हे आपलेच शब्द आहेत, मात्र दवाखाना म्हणजे औषधांचे दुकान, त्यामुळे पहिल्या दिवशी मीच गोंधळले. आजोबांचे निजामाच्या काळातले उर्दू इथे माझ्या इंग्रजीपेक्षा कामी आले असते.

परवा साठीच्या एका बाईंनी पहिल्यांदा स्वतःचे नाव इंग्रजीत लिहिले. मला पत्र्याच्या शेडमधली ती रात्र आठवली: बाबा कंदील धरून बसलेले, आई पाटीवर सही गिरवते आहे आणि मी झोपेचे सोंग घेऊन पाहते आहे. तुम्हाला सोडून परक्यांपाशी थांबले, असे मात्र मनात आणू नका.

बाबांनी रक्तदाबाची गोळी उपाशीपोटी चहासोबत ढकलू नये. आईने चकल्या तळत उभे राहू नये. फराळ बचत गटाकडून आणावा, पैसे पाठवले आहेत. नवे इन्व्हर्टर वापरण्यासाठी आहे, झाकून ठेवण्यासाठी नव्हे.

अधिक महिन्यामुळे वेळअमावास्या, आपला शेतातल्या पूजेचा सण, यंदा जानेवारीत आहे, तोवर मी घरी असेन. आई, आंबिलीचे मडके शेतात मी नेईन. तू फक्त भज्जीत मीठ बघ.

तुमची,
धाकटी