आई-बाबा, त्या कागदावर रविवारी सही करू नका

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न.

बाबा, घरातलं सामान विकून देणाऱ्या कंपनीचं तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं कॉन्ट्रॅक्ट मी पुन्हा एकदा नीट वाचून काढलं. फोनवर तुम्ही म्हणालात, "अगं, माणूस सज्जन आहे, देवघराशी जाताना न सांगता बूट काढले त्याने." असेलही सज्जन. मला त्याच्या स्वभावाबद्दल काही म्हणायचं नाही, मला भीती वाटते ती त्या चार पानांची. फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहतं, म्हणून सगळं लिहून पाठवते आहे. प्रिंट काढा, दोघं मिळून वाचा आणि सही तूर्त थांबवा.

घर रिकामं करायलाच हवं, हे मला पटतं. मनरोच्या नव्या दोन बेडरूमच्या घरात एडिसनच्या घरातलं चौथाईसुद्धा सामान मावणार नाही आणि क्लोजिंगची, म्हणजे घराचा व्यवहार पुरा होण्याची, तारीख काही थांबत नाही. या वयात तुम्ही ड्राइव्हवेत टेबलं मांडून गराज सेल करावा, असं मीही म्हणणार नाही. इस्टेट सेल ही इथली रूढ पद्धतच आहे. कंपनीची माणसं येतात, कपाटं उघडतात, सगळं पुसून मांडतात, चिठ्ठ्या लावतात. मग शुक्रवार ते रविवार दार उघडं, शेवटच्या दिवशी निम्मी किंमत. त्याचे ते ३५-४० टक्के घेतात, कुणी ५० सुद्धा. काम फार मेहनतीचं आहे आणि ते चोख करणारे लोकही आहेत. कमिशनबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती व्यवस्थेबद्दल. न्यू जर्सीत केस कापायचे तरी राज्याचं लायसन्स लागतं. पण उद्या कुणी व्हॅनवर नाव रंगवून "आम्ही इस्टेट सेल करतो" म्हणाला, तर बहुतेक राज्यांत त्याला त्यासाठी वेगळी परीक्षा नाही की परवाना नाही. लिलाव करणाऱ्याला बऱ्याच राज्यांत लायसन्स लागतं, यांना मात्र नाही. आणि असा माणूस तुमच्या घराची किल्ली आठवडा-आठवडा स्वतःकडे ठेवणार. वस्तूची किंमत तोच ठरवणार, विकणार तोच, रोकड मोजणार तोच आणि उरलेलं उचलून नेणारही तोच. या धंद्यातली जवळजवळ प्रत्येक लबाडी इथूनच निघते. त्यासाठी माणूस मुळात चोर असायला लागत नाही. कुणी बघणारं नसलं की हळूहळू हात सैल होतो.

माझ्या मैत्रिणीच्या आईच्या बाबतीत काय झालं ते सांगते. काका गेल्यावर काकूंनी पार्सिपनीचं घर विकायला काढलं. कंपनीने सेलच्या आदल्या आठवड्यात जाहिरातीसाठी फोटो टाकले, त्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची भांडी मांडलेली स्पष्ट दिसत होती. ताटं, वाट्या, तांब्या-भांडं, पंचपात्र, पळी. शुक्रवारी दार उघडलं तेव्हा त्या टेबलावर काचेच्या बरण्या होत्या. विचारल्यावर उत्तर आलं, "सकाळीच विकली गेली." कितीला? हिशेबाच्या कागदावर फक्त "किचन आणि डायनिंग, एकूण" अशी एक ओळ. काही महिन्यांनी मैत्रिणीला तीच ताटं एका ऑनलाइन लिलावात दिसली. ओळखली कशी, तर आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात ना. ताटाच्या काठावर तिच्या आजोबांचं नाव आणि लग्नाची तारीख, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली. विकणाऱ्याने खाली लिहिलं होतं, "काठावर परकी अक्षरं." सेल सुरू होण्याआधीच ती भांडी ओळखीच्या व्यापाऱ्याच्या गाडीत गेली होती, अशी तिची खात्री आहे. पण सिद्ध कसं करणार? घरात काय काय होतं याची यादीच कुणी केली नव्हती.

आपल्या लोकांच्या घरांत हे सोपं जातं, आई, कारण आपल्या वस्तू इथल्या ठशांत बसत नाहीत. इथली अस्सल चांदी म्हणजे ९२५ चा शिक्का. तुझ्या माहेरच्या ताम्हणावर तो नाही, म्हणून "मुलामा दिलेलं" म्हणून दहा डॉलरच्या टेबलावर जाईल. सोन्याचं तर विचारूच नको. भारतात दागिन्यांचं हॉलमार्किंग सुरू झालं २००० साली, तुझ्या पाटल्या त्याच्या कितीतरी आधीच्या. इथे शिक्का नसलेलं सोनं काही जण सरळ १४ कॅरेट धरतात, म्हणजे साधारण ५८ टक्के शुद्ध. तुझं २२ कॅरेटचं जवळजवळ ९२ टक्के. वजनातली खोट आणखी वेगळी. इथले बरेच मोडीचे व्यापारी ग्रॅमऐवजी पेनीवेट नावाचं माप वापरतात, एक पेनीवेट म्हणजे १.५५५ ग्रॅम. एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, तराजूवर ७.५ दिसतो. आता भाव ग्रॅमचा सांगायचा आणि गुणायचं पेनीवेटने, की तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसे तिथेच गेले. वर १४ कॅरेट धरलं तर तोळ्यामागे तुला खऱ्या किमतीच्या निम्मेही मिळत नाहीत. बाबा, तुम्ही इंजिनिअर आहात, कागद-पेन्सिल घेऊन हा गुणाकार करून बघा.

म्हणून सोनं आणि चांदी या सेलमध्ये जायलाच नको. एक ग्रॅमसुद्धा नको. विकायचंच असेल तर ओक ट्री रोडवर दोन वेगवेगळ्या सराफांकडे जाऊ. त्यांना २२ कॅरेट काय ते समजावून सांगावं लागत नाही. वजन आपल्यासमोर, ग्रॅममध्ये, शुद्धता मशीनवर तपासून. आणि विकायचं नसेल तर नको विकूस, आई. बँकेच्या लॉकरला दोन बेडरूम लागत नाहीत.

दिवाणखान्यातल्या लक्ष्मीच्या चित्राबद्दल मला खरोखर राग आला. बाबा म्हणाले, त्या माणसाने बघितलं आणि "हिंदू पोस्टर, पंधरा डॉलर" असं टिपून घेतलं. ते पोस्टर नाही. राजा रवि वर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथल्या दगडी छपाईची ती ओलिओग्राफ आहे, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील प्रत. खाली छापखान्याचं नाव आहे, साडीवर आजीने हाताने जर आणि टिकल्या लावल्या आहेत. अशा जुन्या, सजवलेल्या प्रतींना संग्राहक चांगले पैसे मोजतात. त्याला माहीत नसेल तर त्याने किंमत लावू नये. आणि माहीत असेल, तर मग कॉन्ट्रॅक्टमधलं सातवं कलम वाचा. त्यात लिहिलंय की कंपनी आणि तिचे कर्मचारी "लावलेल्या किमतीला" कोणतीही वस्तू स्वतः विकत घेऊ शकतात. पंधरा डॉलरची चिठ्ठी लावणारा हात तोच आणि पंधरा डॉलर देऊन चित्र नेणारा हातही तोच.

पुण्यात आजी बोहारणीशी घासाघीस करायची ते मला आठवतं. पण तिथे साड्या आणि पातेलं दोन्ही पायरीवर समोरासमोर असायचं, आजी पातेलं वाजवून बघायची, नाही पटलं तर साड्या उचलून आत. इथे तुम्हाला पातेलंच दिसत नाही.

आणखी काही कलमांखाली लाल रेघ मारली आहे. नववं कलम म्हणतं, विक्रीनंतर उरलेलं सगळं कंपनीच्या मालकीचं. हे वरवर सोयीचं वाटतं, कारण घर रिकामं होतं. पण चांगल्या वस्तूवर अव्वाच्या सव्वा किंमत लावायची, ती तीन दिवस कुणी घ्यायची नाही, आणि रविवारी संध्याकाळी ती फुकटात कंपनीची. दान करायचं तर त्याची पावती तुमच्या नावाने हवी, म्हणजे निदान टॅक्सला उपयोग.

"प्रत्यक्ष खर्च विक्रीतून वजा" हे वाक्य तर फार धोक्याचं. समजा १०,००० डॉलरची विक्री झाली. ४० टक्के कमिशन, ४,००० गेले. मग जाहिरात, जादा माणसं, क्रेडिट कार्डाची फी, कचऱ्याचा डंपस्टर, साफसफाई, यातलं काहीच आधी सांगितलेलं नाही. शेवटी हातात दोन-तीन हजार आले तरी कॉन्ट्रॅक्टप्रमाणे ते योग्यच. खर्चाचे आकडे आत्ता लिहून घ्यायचे आणि "याहून जास्त नाही" असं त्याच्या सहीने घ्यायचं. पैसे ४५ दिवसांनी देणार म्हणतो, ते कशासाठी? रोकड तर रविवारीच त्याच्या हातात असते. चोख लोक आठ-पंधरा दिवसांत चेक देतात. तुमच्या पैशावर मागच्या घराचं देणं भागवणाऱ्यांचा धंदा कधीतरी बसतो, आणि त्या दिवशी रांगेत जे शेवटचे असतात त्यांना काहीच मिळत नाही.

बाहेरचा माल आणून आपल्या घरात विकण्याबद्दल कॉन्ट्रॅक्टमध्ये एक अक्षर नाही, म्हणजे मनाईही नाही. काही कंपन्या स्वतःच्या गोदामातलं सामान चांगल्या घरात आणून मांडतात. मग कुठली रोकड कुणाच्या वस्तूची हे कळायला मार्ग नसतो, आणि त्यातली एखादी वस्तू खोटी निघाली तर नाव तुमच्या घराचं.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवी. आई, चेरीचं डायनिंग टेबल, चायना कॅबिनेट आणि लेनॉक्सचा डिनर सेट यांची त्याने सांगितलेली किंमत ऐकून तुला रडू आलं. तिथे तो फसवत नाहीये. जड लाकडी फर्निचर आणि असे सेट आता तरुण मंडळी घेत नाहीत, बाजारच पडला आहे. तू ओव्हरटाइम करून ते टेबल घेतलंस, त्यावर आमचे वाढदिवस झाले, हे कुठल्याच चिठ्ठीवर मावणार नाही. त्यामुळे त्या किमतीवरून त्याच्याशी भांडू नका. भांडायचं ते वर लिहिलेल्या गोष्टींवरून.

सेल चालू असताना घरच्यांनी थांबू नये, ही त्याची अट चांगल्या कंपन्याही घालतात. घरचे समोर बसले की गिऱ्हाईक अवघडतं, ते मला समजतं. पण मांडामांडीच्या दिवशी आपल्यापैकी कुणीतरी घरात असणारच. त्याला हे चालत नसेल तर तो आपल्याला चालत नाही.

बाबा, तुम्ही म्हणालात, "फसवलं तर कोर्ट आहे." आहे. न्यू जर्सीचा १९६० चा ग्राहक फसवणूक कायदा चांगला कडक आहे, फसवणुकीने झालेलं नुकसान सिद्ध झालं तर तिप्पट भरपाई मिळते, आणि राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्सकडे तक्रारही करता येते. पण काकूंसारखं "टेबलावर चांदी होती" एवढंच सांगून तिथे भागत नाही. म्हणून त्याला घरात पाऊल टाकू देण्याआधी आपली यादी तयार हवी. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, कपाटं उघडून, ड्रॉवर ओढून. ज्या वस्तूंवर नावं घातली आहेत त्यांचे जवळून फोटो. ५० डॉलरच्या वरची प्रत्येक वस्तू यादीत वेगळी, आणि विकली की पावतीचा क्रमांक तिच्यासमोर.

लक्ष्मीचं चित्र, आजीची पैठणी आणि बाबांचा जुना कॅमेरा यांची किंमत वेगळ्या तज्ज्ञाकडून काढून घेऊ. मूल्यांकन करणाऱ्यांसाठी इथे यूस्पॅप नावाचे व्यावसायिक नियम आहेत. ते पाळणारा माणूस तासावर किंवा ठरावीक फी घेतो, किमतीच्या टक्क्यावर घेत नाही, आणि वस्तूत त्याचा स्वतःचा काही रस असेल तर तसं लिहून द्यावं लागतं. जो किंमत सांगेल तो विकत घेणार नाही, एवढी अट आपण घालू. फीचे पैसे मी देते, त्यावरून वाद नको.

कंपनी हीच हवी असेल तरी आणखी दोघांना बोलावून बघू. त्यांच्याकडे खरेदीदारांची कौतुकं मागायची नाहीत. स्वस्तात मिळालं की खरेदीदार खूश असतोच. ज्यांचं घर विकलं अशा तीन कुटुंबांचे फोन नंबर मागायचे आणि आईने त्यांच्याशी बोलायचं. आई, तू दहा मिनिटांत माणूस ओळखतेस. त्यांच्या विम्याचा कागद त्यांच्याकडून न घेता विमा कंपनीकडून थेट मागवायचा.

मी शुक्रवारी रात्रीच्या विमानाने येते आहे. त्या माणसाला रविवारऐवजी शनिवारी अकरा वाजता बोलवा आणि मुलगी असणार आहे हे आधीच सांगा. सात, नऊ आणि खर्चाचं कलम बदलून द्यायला तो तयार असेल तर बोलणं पुढे जाईल. त्याला आधीच दिलेली गराजची किल्ली मात्र उद्याच मागून घ्या, बाबा. "टाउनशिपच्या इन्स्पेक्शनला लागते" म्हणा, आणि ती खरंच लागणार आहे.

आई, बीपीची गोळी वेळेवर घे. माळ्यावरची ट्रंक मी आल्याशिवाय उतरवू नका.

तुमची,
मनू