भुसा कशाचा, ते तरी विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लातुरात माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. अलीकडे सशाच्या, हॅमस्टरच्या पिंजऱ्यात अंथरायला भुसा मागायला पोरं पिशवी घेऊन येतात. ‘काका, कुठलाही द्या, चालतो.’ कुठलाही चालत नाही, म्हणून हे पत्र.

पूर्वी सुताराकडचा भुसा म्हणजे सागवानाचा, नाहीतर बाभळीचा. आता किचन ट्रॉली असो की कपाट, निम्म्याहून जास्त काम प्लायवूड आणि एमडीएफचं (लाकडाचा बारीक भुगा गोंदानं दाबून केलेला बोर्ड). एमडीएफ कापताना पडतो तो भुसा नव्हेच, पीठ असतं. बोटांत चोळलं तर रेषांमध्ये बसून राहतं. त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. आम्ही तोंडाला फडकं बांधून कटर चालवतो. ससा श्वास घेतो तो नाकानंच, आणि ते नाक दिवसभर त्या पिठात!

पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन आणि देवदार यांचा वास गिऱ्हाइकाला फार आवडतो. घात त्या वासातच आहे. त्यातल्या तेलांचा छोट्या जनावरांच्या फुप्फुसांना आणि लिव्हरला त्रास होतो. भट्टीत वाळवलेल्या पाइनमध्ये ती तेलं बरीच कमी होतात. पण दुकानात मी पाहिलेल्या भुशाच्या पाकिटांवर लाकडाचंच नाव नव्हतं, भट्टीचं कुठून असणार?

कापूस घरचा असला तरी घालू नये. हॅमस्टरच्या पायाला तंतू गुंडाळतात. मांजरांच्या शी-शूसाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती सशाला नकोच. खाल्ली तर पोटात फुगते, आणि सशाला उलटी होत नाही.

स्वस्तात भागवायचं तर खाली रद्दी (आपल्या अंकालाही दुसऱ्या दिवशी तिथे जागा आहे, राग नसावा) आणि वर वाळलेलं मारवेल गवत. सशानं ते खाल्लं तरी चांगलंच. सोयाबीनची गुळी (मळणीनंतर उरणारं भूस) टोचते, धूळही फार. ओला कोपरा रोज काढावा. उन्हाळ्यात पत्र्याखाली मुताचा वास आपल्याला उभ्यानं झोंबतो, ते जनावर तर त्यातच बसलेलं असतं.

पेट शॉपसाठी २०१८चे केंद्राचे नियम आहेत, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तपासणी व्हायची तेव्हा होवो. पाकिटावर लाकडाचं नाव लिहायला दुकानदाराला कुणाची परवानगी लागत नाही. आणि माझ्या सुतार बांधवांनो, प्लायचा आणि लाकडाचा भुसा एकाच पोत्यात भरू नका.

– एक सुतार, लातूर