तळघरातल्या बाईंना, एका पेन्सिलीबद्दल

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलच्या पिट्सबर्गमधल्या संग्रहालयात, तळघरात, आपली भेट झाली, त्याच रात्री मी तुम्हाला इंग्रजीत चार ओळींचे आभारपत्र पाठवले होते आणि तुम्ही त्याला लगेच उत्तरही दिलेत. पण त्या चार ओळींत जे मावले नाही ते मराठीत लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, ते स्वतः वाचता यावे अशीही इच्छा आहे. तुमचे नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर मी वाचले होते, मात्र ते चारचौघांत जाहीर करणे बरे नव्हे. आमच्याकडे शिकवणाऱ्या स्त्रीला ‘बाई’ म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो.

आबांनी कोल्हापुरात 31 वर्षे सिनेमाचे बॅनर रंगवले. हाताएवढ्या फोटोवर चौकटी आखायच्या, त्याच चौकटी वीस फुटी कापडावर मोठ्या करायच्या आणि नायकाच्या गालावर निळा, नायिकेच्या पापणीवर हिरवा असा रंग भरायचा की रस्त्यापलीकडून येणाऱ्या माणसाला चेहरा ओळखू यावा. मजुरी चौरस फुटावर मिळे. बॅनरच्या खाली नाव असे ते दुकानाचे. रंगवणाऱ्याचे नाव लिहायची पद्धतच नव्हती. पुढे फ्लेक्स आले आणि काम संपले. आता त्यांचा उजवा हात थरथरतो, चहाचा कपही ते दोन्ही हातांनी धरतात.

काही वर्षांपूर्वी आपल्याच देशातल्या एका नावाजलेल्या कलादालनात मी त्यांच्या कामाचे फोटो घेऊन गेलो होतो. तिथल्या गृहस्थांनी सात-आठ फोटो भराभर उलटले आणि आबा समोर बसलेले असताना मला विचारले, ‘‘हे सगळे फोटोवरूनच काढलेय ना? मग यात यांचे स्वतःचे काय?’’ आबा काही बोलले नाहीत. घरी परतताना एसटीत एवढेच म्हणाले, की माणूस शिकलेला असावा. त्या गृहस्थांवर माझा राग आजही आहे, पण त्यांना एकट्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही, कारण शाळेच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी स्वतः अनेक वर्षे ‘धंदा’ एवढाच शब्द लिहीत आलो होतो.

म्हणून यंदा आबा पिट्सबर्गला माझ्याकडे आले, तेव्हा त्यांना अँडी वॉरहॉलच्या संग्रहालयात न्यावे की नाही, याचा मी आठवडाभर विचार करत होतो. सात मजले, सगळे एकाच माणसाचे, आणि तो माणूस मुख्यतः प्रसिद्ध लोकांचे चेहरे काढणारा. आपल्याकडच्या दालनात झालेली जखम इथे पुन्हा उघडी पडेल, अशी मला धास्ती होती.

तुमच्याकडे वरच्या मजल्यापासून सुरुवात करून खाली उतरत यायचे असते, तेव्हा आम्हाला आधी भेटला तो याच गावातल्या गरीब वस्तीतला आजारी मुलगा, लहानपणीचा वॉरहॉल. 1928 सालचा जन्म. आईवडील पूर्व युरोपातल्या कार्पेथियन डोंगरांतल्या मिकोवा गावाहून आलेले, रुसिन समाजाचे, वडील मजूर. आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला कोरिया नावाचा आजार जडला, ज्यात हातपाय आपल्याआपण झटके देतात. अंथरुणावर पडल्या पडल्या तो सिनेमाच्या मासिकांतली चित्रे गोळा करी, चित्रे रंगवी, आणि एक पान पुरे झाले की आई, ज्युलिया, त्याला चॉकलेट देई. मी हे भाषांतर करून सांगत होतो तेव्हा आबा चित्राकडे नव्हे, आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते.

त्यानंतर त्यांनी मला जे प्रश्न विचारले, ते त्या दालनातल्या गृहस्थांना सुचले नसते. ‘‘म्हणजे हा आधी जाहिरातवाला होता?’’ होता. 1949 मध्ये शिक्षण संपवून न्यूयॉर्कला गेला आणि मासिकांसाठी, चपलांच्या कंपनीसाठी बुटांची चित्रे काढू लागला. ती इतकी गाजली की जाहिरातीच्या जगात त्याला कामाची ददात राहिली नाही; चित्रकार म्हणून मात्र त्याला कोणी जवळ करीना. 1956 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला त्याने बुटाचे एक चित्र भेट दिले, तर संग्रहालयाने जागा अपुरी असल्याचे कळवून सवडीने चित्र परत घेऊन जायला सांगितले. ही हकिकत ऐकून आबा मोठ्याने हसले. फुकट दिलेलेसुद्धा परत! त्या एसटीतल्या परतीच्या प्रवासानंतर त्यांना चित्रांवरून हसताना मी पहिल्यांदाच पाहिले.

मग 1962 साल आले. त्या वर्षीच्या जुलैत लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या डब्यांची 32 चित्रे लागली आणि थट्टेचा विषय झाली. जवळच्या एका गॅलरीवाल्याने तर खरे डबेच रचून ठेवले. ऑगस्टमध्ये नटी मॅरिलिन मन्रो वारली आणि वॉरहॉलने तिच्या ‘नायगारा’ या सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला एक फोटो उचलला. फोटो मोठा करून जाळीच्या पडद्यावर उतरवला, कापडावर केसांचा पिवळा, पापण्यांचा निळा, ओठांचा लाल रंग लावला आणि वरून काळ्या शाईचा हात फिरवला. त्यांतली सोनेरी पार्श्वभूमीवरची मॅरिलिन फिलिप जॉन्सन या वास्तुरचनाकाराने विकत घेऊन ज्या संग्रहालयाला दिली, ते म्हणजे बूट परत पाठवणारे तेच संग्रहालय. लहानपणी ज्या चर्चमध्ये तो आईबरोबर जाई तिथली सोनेरी संतचित्रे त्या पार्श्वभूमीत दिसतात असे जाणकार म्हणतात, आणि मला ते पटते. आबा मात्र पापणीपाशी थांबले होते. ‘‘ही पापणी आपली हाय,’’ ते म्हणाले.

पुढचे मजले आम्ही जरा घाईने उतरलो, कारण गोळ्यांची वेळ होत आली होती. गायक एल्विस, नटी लिझ टेलर, राष्ट्राध्यक्ष नवऱ्याच्या हत्येनंतरची जॅकी केनेडी, 1968 मध्ये वॉरहॉलवर झालेला गोळीबार, त्यातून त्याचे जेमतेम वाचणे, आणि नंतरचे मागणीबरहुकूम चेहरे. सत्तरच्या दशकात पैसेवाल्यांचे पोलरॉइड फोटो काढून तो 40 इंची चौरस कापडावर त्यांचे चेहरे करून देई आणि एका कापडाचे 25,000 डॉलर घेई. या काळातले त्याचे पुष्कळसे काम मला थंड वाटते. त्यात माणसापेक्षा गिऱ्हाईकच जास्त दिसते. आबांचे मत वेगळे पडले, गिऱ्हाइकाला गोरे करून देणे हा कामाचाच भाग आहे असे ते म्हणाले. त्याची 1964 सालची तेवढ्याच मापाची एक मॅरिलिन 2022 मध्ये साडेएकोणीस कोटी डॉलरना विकली गेली, हे सांगितल्यावर त्यांनी जिन्यातच तोंडी हिशेब केला, ‘‘फुटाला पावणेदोन कोटी.’’

आणि मग आम्ही तळघरात तुमच्याकडे पोहोचलो.

तिथे कोणालाही स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीच्या पडद्यातून शाई ओढून छपाई, करून पाहता येते हे मला ठाऊक होते, पण आबांच्या हातामुळे मी तो विचार सोडून दिला होता. तुम्ही मला काहीच विचारले नाहीत, सरळ त्यांना खुर्ची दिलीत. लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पिशव्या छापणाऱ्यांचे हे तंत्र त्यांना चांगलेच माहीत होते, ते आमच्या गल्लीतलेच होते. त्यांनी स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, दोन्ही हातांनी धरली, शाई ओढली, मध्येच हात झटकला आणि चेहऱ्याची काळी रेघ रंगापासून बोटभर डावीकडे सरकली. मी ओशाळून दुसऱ्या कागदाकडे हात नेला. तुम्ही माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तो सरकलेला कागद दोन्ही हातांनी उचलून टेबलावर त्यांच्यासमोर ठेवलात, एप्रनच्या खिशातून पेन्सिल काढलीत, तिचे टोक स्वतःकडे वळवून ती त्यांच्यापुढे धरलीत आणि कागदाचा खालचा उजवा कोपरा बोटाने दाखवलात.

आबांना कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिले. तेव्हा तुम्ही हवेत स्वतःची सही करून दाखवलीत.

बाई, सही कशी करायची हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. बँकेत, रेशनच्या दुकानात, दवाखान्यात ते सही करतातच. पण स्वतः केलेल्या चित्रावर सही करा असे आयुष्याच्या 74 वर्षांत त्यांना कोणी म्हटले नव्हते. दुकानाच्या मालकाने म्हटले नव्हते, दालनातल्या विद्वानाने म्हटले नव्हते, आणि मीही म्हटले नव्हते. तुम्हाला यातले काहीच माहीत नव्हते. प्रिंट झाली की खाली पेन्सिलने सही करायची असते, एवढीच तुमची रीत, आणि ती तुम्ही हात थरथरणाऱ्या, भाषा न कळणाऱ्या एका म्हाताऱ्यापुढेही मोडली नाहीत. मला वाटते, चांगुलपणा बहुतेक वेळा असाच असतो. दया आली की माणूस समोरच्याला नियमांतून सूट देतो, आणि सूट देताना त्याला खालच्या पायरीवर बसवतो. तुम्ही आबांना सूट दिली नाहीत. दुसऱ्यांकडून जी अपेक्षा ठेवता तीच त्यांच्याकडून ठेवलीत.

परत आल्यावर मी वॉरहॉलबद्दल आणखी वाचले, आणि या सहीच्या प्रकरणाला एक मजेशीर जोड मिळाली. 1950च्या दशकात ज्युलियाबाई मुलाकडे न्यूयॉर्कला राहायला आल्या तेव्हा त्यांचे वळणदार अक्षर त्याला एवढे आवडले की चित्रांवरचा मजकूर तो त्यांच्याकडूनच लिहून घेई, आणि कित्येक चित्रांवर ‘अँडी वॉरहॉल’ ही सहीसुद्धा आईच्या हातची आहे. त्यांना इंग्रजी बेताचेच येई. मांजरांच्या चित्रांच्या एका पुस्तकाच्या नावात त्यांच्याकडून एक अक्षर सुटले, तर त्याने ते तसेच छापले. तोच माणूस 1972 मध्ये आई वारल्यावर तिच्या अंत्यविधीला गेला नाही, हे मला अजून समजलेले नाही. दोन वर्षांनी मात्र त्याने तिचे चेहरे केले, ज्या पद्धतीने मॅरिलिनचे केले होते त्याच पद्धतीने. 1987 मध्ये तो गेला आणि या गावाबाहेरच्या दफनभूमीत आईवडिलांजवळच त्याला पुरले. आबांना घेऊन मी तिकडेही जाणार होतो, पण बर्फ पडू लागला आणि त्यांच्या परतीच्या तिकिटाची तारीख आली.

ती प्रिंट ते विमानात हातात धरून घेऊन गेले. पिशवीत ठेवायला तयार नव्हते. आता ती कोल्हापूरच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर आहे, काच बसवून. येणाऱ्या प्रत्येकाला ते सरकलेली रेघ आधी दाखवतात आणि हात कसा झटकला ते सांगतात. फोनवर बोलताना तुमची चौकशी केल्याशिवाय राहत नाहीत.

एक दुरुस्ती तेवढी करायची आहे. सही झाल्यावर तुम्ही मला विचारलेत, काय लिहिले आहे? तेव्हा माझा गळा भरून आला होता, म्हणून ‘त्यांचे नाव’ एवढेच मी सांगितले. ते पुरते खरे नव्हते. आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर नावाचे एक मोठे कलावंत होऊन गेले, ते सिनेमे काढत आणि त्यांची पोस्टरेही स्वतः रंगवत. त्यांचे आडनाव मेस्त्री होते, पण गावाने त्यांना ओळखले ते कामाच्या नावाने. तेव्हापासून आमच्याकडे हा शब्द आडनावासारखा लावतात, पण तो ज्याचा त्याने स्वतःला लावून घ्यायचा नसतो. लोकांनी लावायचा असतो. आबांनी इतकी वर्षे तो लावला नव्हता. त्या कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी आधी आपले नाव लिहिले, थोडा वेळ थांबले, आणि आडनावाच्या जागी लिहिले: पेंटर, कोल्हापूर.

आपला कृतज्ञ,
कोल्हापूरच्या एका पेंटरचा मुलगा
पिट्सबर्ग