दिवे घाटातल्या माउलींना

आळंदीच्या पालखीसोबत आई चालत होती, मी तिच्यामागे. दिवे घाटाच्या चढावर तिला भोवळ आली. मीठ-साखरेचं पाणी पाजणाऱ्या ताई, सासवडपर्यंत दिंडीच्या ट्रकमध्ये जागा करून देणारे काका आणि रात्री तिच्या पायांना तेल चोळणाऱ्या आजी, तुमचे मनापासून आभार. गडबडीत नावं विचारायची राहूनच गेली.

मी देव मानत नाही. काकांशी राजकारणावरून कडाक्याचं वाजलंही (ट्रकमध्ये पळणार कुठे!). पण विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपुरात उपोषण केलं, हे आईला त्यांनीच सांगितलं, तेही अभिमानाने. तेवढ्यावर आमचं जमलं.

आई आता ठणठणीत आहे. आणि काका, तुमचा टॉवेल माझ्याकडेच राहिलाय.